साळवे मामांची खिळ्याची बंदूक

साळवे मामांच्या घरातून ठोकाठोकीचा आवाज यायच्या आधी दोन माणसांचं बोलणं ऐकू यायचं.

"धरला का?"

"धरला."

"हालवू नको."

"मारा तुम्ही."

मग एक ठोका पडायचा. जरा थांबून दुसरा. पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. एक खिळा बसायला एवढा वेळ लागायचा, की तेवढ्यात माझी भाजी फोडणीला पडून शिजायला लागलेली असायची.

पुंडलिकनगरातली आमच्या गल्लीतली घरं एकमेकांना चिकटून आहेत आणि मागच्या अंगणांमधली भिंत कमरेएवढी. त्यामुळे त्यांच्या मागच्या ओट्यावर काय चाललंय ते आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसायचं. मामा उकिडवे बसलेले, उजव्या हातात हातोडी. समोर कौसल्यामावशी, मामांच्या पत्नी. चिमटीत खिळा धरलेला आणि तोंड मात्र दुसरीकडे फिरवलेलं. हातोडी खाली येताना बघायची नाही, हा त्यांचा नियम होता.

मामांच्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं. मधली बोटं वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस मशीनखाली गेली होती. आम्ही या गल्लीत राहायला यायच्या कितीतरी आधीची ती गोष्ट. त्या हातानं ते पिशवी उचलत, सायकलचं हँडल धरत, भाकरी मोडत. खिळा मात्र धरता यायचा नाही. अंगठा आणि करंगळी एकमेकांपर्यंत पोचायची, पण पोचल्यावर त्यांच्यात जोर राहायचा नाही.

अपघातानंतर कंपनीनं त्यांना गेटवर बसवलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथंच होते. पगार थोडा होता, पण त्यातूनच त्यांनी हे घर एकेक खोली करत बांधलं. विटांचं काम गवंड्याकडून करून घेतलं आणि लाकडाचं सगळं स्वतः. दारं, खिडक्यांच्या चौकटी, भांड्यांची मांडणी, मावशींचं शिवणयंत्र ठेवायचं टेबल, स्लॅबवर जायची शिडी. यातली एकही वस्तू धड काटकोनात नव्हती. मांडणीवर गोल डबा ठेवला की तो हळूहळू एका बाजूला सरकायचा. मावशी त्याच्याखाली कागदाची घडी सरकवत आणि म्हणत, "कारागीर घरचाच हाय, बोलायचं कुणाला."

मामा उंच, किडकिडीत, कायम पांढऱ्या शर्टात. शर्टाला घरीच इस्त्री. अनोळखी माणूस समोर आला की डावा हात खिशात जायचा आणि तो माणूस जाईपर्यंत बाहेर यायचा नाही. बोलणं कमी. गल्लीत कुणी लगबगीनं स्कूटर काढायला लागलं, कुणाची रिक्षा चुकली, कुणी पोरांवर ओरडायला लागलं, की मामा ओट्यावरून एकच विचारायचे, "घाई कुणाला हाय?" हे ते रागानं म्हणत नसत. खरंच कुणाला घाई आहे ते त्यांना कळून घ्यायचं आहे, असा आवाज असायचा.

एकदा मावशी लेकीकडं, फुलंब्रीला गेल्या होत्या आणि मामांच्या जाळीच्या दाराची पट्टी निखळली. आमच्या घरातून माझे यजमान गेले. म्हणाले, "मामा, द्या, खिळा मी धरतो."

"नगं. तुमचं बोट गेलं तर मी काय करू?"

"नाही जात हो."

"आसंच म्हणत्यात," मामा म्हणाले आणि हातोडी खाली ठेवली. मावशी परत येईपर्यंत ते दार सुतळीनं बांधून ठेवलेलं होतं. परत आल्यावर मावशींना हे कळलं तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आन् माझं बोट गेलं तर चालतंय व्हय?"

"तुझं जाणार नाय," मामा म्हणाले. विषय तिथंच संपला.

पुढं दुष्काळाची वर्षं आली. जायकवाडी धरणात मृतसाठाच उरला आणि शहर मात्र चहूबाजूंनी वाढतच होतं. आमच्या मागच्या मोकळ्या जागेत जिथं म्हशी बसायच्या तिथं चार मजले उभे राहिले. त्या प्रत्येक मजल्याची मोटर आमच्याच पाइपलाइनवर. नळाला आठवड्याला पाणी यायचं, मग तेही पुढं ढकललं जायला लागलं, आणि आलं तरी आमच्या टोकापर्यंत फक्त हवा यायची. गल्ली टँकरवर गेली. ज्याच्या त्याच्या घरात निळे ड्रम आले. त्या उन्हाळ्यांत लाकूडसुद्धा आटलं. चौकटी आणि भिंतीच्या मध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडल्या, दारांच्या पट्ट्या सुटल्या, जुने खिळे आपोआप वर यायला लागले. मामांच्या ओट्यावर रोज काही ना काही ठोकणं चालू झालं.

टँकरचा पाइप स्लॅबवरच्या टाकीत सोडला, की टाकी भरत आली का ते बघायला कुणीतरी वर जावं लागायचं. शिडीला दोन्ही हातांची पकड लागते, म्हणून वर मावशी जायच्या. ती शिडी मामांनीच केलेली. पायऱ्यांच्या खिळ्यांचे ठोके मी माझ्या खिडकीतून ऐकले होते.

मावशी पडल्या तेव्हा दुपार होती. सुट्टीचा दिवस, म्हणून मी घरी होते. आवाज मोठा नव्हता, पोतं टाकावं तसा. मी धावत गेले तर मावशी ओट्याच्या कडेला आडव्या पडलेल्या आणि त्यांचा एक पाय माणसाचा पाय वळत नाही तसा वळलेला. शेजारी शिडीची पायरी पडली होती. तिच्या दोन्ही टोकांना खिळे तसेच होते, सरळ. मामा टँकरचा पाइप हातात धरून उभे होते आणि पाणी त्यांच्या पायांवरून अंगणात, अंगणातून रस्त्यावर वाहत होतं. त्या वर्षी आमच्या गल्लीत बादलीभर पाणी सांडलं तरी भांडण व्हायचं. त्या दिवशी सगळे उंबऱ्यात उभे राहून ते वाहणारं पाणी नुसतं बघत होते.

मावशींचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत सळई बसवली, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. साखरेचा आजार होता, जखम भरायला फार वेळ गेला आणि तेवढ्यात पायातलं बळ गेलं. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचा पलंग लागला. लेक सुनीता फुलंब्रीहून येऊन जाऊन असायची. तिच्या घरी सासू-सासरे, शेतीतली कामं. तिला राहता येत नव्हतं. बाकी सगळं मामा करायचे. अंग पुसणं, कूस बदलणं, वेणी घालणंसुद्धा. त्या हातानं वेणी कशी घालत होते ते मी कधी बघितलं नाही, कारण तेव्हा ते दार लोटून घ्यायचे. वेणी वाकडी असायची.

हातोडी, पक्कड आणि खिळ्यांचे डबे त्यांनी एका पोत्यात बांधले आणि न्हाणीच्या कोपऱ्यात सारून दिले. घर सुटत चाललं तरी हात लावला नाही. मांडणीची फळी निसटली, भांडी जमिनीवर आली. जाळीच्या दाराची जाळी फाटून लोंबायला लागली. मी सुतार पाठवू का असं विचारलं, तर म्हणाले, "राहू द्या, बाई. घर हाय, पडलं तर पडलं." मी शाळेत शिकवायचे, म्हणून मला ते बाई म्हणत.

पण दारोदारी पाण्याचे ड्रम, आणि ड्रम म्हणजे डास. पावसाळ्याच्या तोंडाला गल्लीत डेंग्यूचा ताप आला. दोन घरं सोडून एक बाई दगावली. मावशींना डास हाकलायला उठून बसता यायचं नाही. मामा दिवसभर पलंगाजवळ बसून टॉवेलनं वारा घालायचे आणि मध्येच त्यांना डुलकी लागायची.

त्याच सुमारास आमच्या स्वयंपाकघरात कपाटांचं काम निघालं. सुतारानं एक यंत्र आणलं होतं. पिस्तुलासारखं, खाली बॅटरी. फळीवर टेकवायचं, घोडा दाबायचा, ठप्प असा आवाज आणि खिळा आत. पलीकडच्या घरात पडल्यापडल्या मावशींना तो आवाज ऐकू गेला. संध्याकाळी मी गेले तर त्यांनी विचारलं, "कसला आवाज वं बाई तो? एक ठोका आन् गप."

मी सांगितलं. 

"खिळा धरावा लागत नाय?"

"नाही. खिळे आतच असतात. एका हातानं चालतं."

मामा कोपऱ्यात औषधाच्या गोळ्या काढत होते. मावशी त्यांच्याकडं न बघता म्हणाल्या, "आयकलं का? एका हातानं चालतंय म्हणं."

"आयकलं."

"आणा मग."

"काय करायचंय त्याला."

"जाळी ठोकायचीय खिडकीला. मला डासांच्या तोंडी देऊन मारायचंय का?"

 दुसऱ्या दिवशी मामांनी मला विचारलं, "बाई, ती खिळ्याची बंदूक कुठं मिळत आसंल?"

सुनीता आली होती तो दिवस धरून आम्ही जुन्या मोंढ्याकडं गेलो. तिथं हार्डवेअरची दुकानं ओळीनं आहेत. मामांचा डावा हात खिशात होता. पहिल्याच दुकानातल्या माणसानं उत्साहानं काउंटर भरून टाकला. एक यंत्र हवेवर चालणारं. त्याला पंक्चरच्या दुकानात असतो तसा पंप लागतो. एक गॅसच्या नळकांडीवर. एक विजेच्या वायरवर. एक बॅटरीवर. मामा ऐकून घेत होते. हवेवरचं त्यांनी लगेच नको म्हटलं, पंपाच्या आवाजानं मावशी दचकतील म्हणून. वायरवालं हलकं होतं, पण आमच्याकडं दिवे जायचे. बॅटरीवालं उजव्या हातात घेऊन त्यांनी हात पूर्ण लांब केला आणि तसाच धरून ठेवला. हात थरथरायला लागला तेव्हा खाली ठेवलं. "खिडकीच्या वरच्या पट्टीला हात असाच न्यावा लागंल," ते मला म्हणाले.

मग त्यांनी त्या माणसाला विचारलं, "ह्याच्यापुढं बोट आलं तर?"

"नहीं चलता, चचा. देखो." त्यानं यंत्राचं नाक दाखवलं. ते फळीवर दाबून आत गेल्याशिवाय खिळा सुटत नव्हता. हवेत कितीही घोडा दाबला तरी काही होत नव्हतं.

मामांनी ते स्वतः करून बघितलं. बराच वेळ करत राहिले. मग म्हणाले, "आन् हे नाक काढून टाकलं तर?"

त्या माणसाला वाटलं गिऱ्हाईक जाणकार आहे. तो खुलला. "निकालने की जरूरत इच नहीं. सुतार लोगां तार से पीछे बांध देते. फिर बस घोड़ा दबाव, काम फटाफट. मैं बांध के देऊं?"

मामांनी यंत्र काउंटरवर ठेवलं, अगदी हळू, लहान मूल ठेवावं तसं. आणि दुकानातून बाहेर पडले. मी त्या माणसाला काहीतरी सांगून मागोमाग आले तर ते रस्त्याच्या कडेला उभे होते आणि डावा हात खिशाच्या बाहेर होता.

रिक्षात बसल्यावर ते बोलले. एवढ्या वर्षांत त्या हाताबद्दल ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

"आमच्या प्रेसला बी आसंच व्हतं, बाई. पुढं जाळी व्हती. जाळी खाली आल्याबिगर मशीन चालायची नाय. जाळी खाली यायला येळ लागतो. माल कमी निघतो. सुपरवायझरनं तार बांधली. म्हणला, साळवे, तुझा हात बसलेला हाय, तुला काय होतंय. मला बी बरं वाटलं तवा. माझा हात बसलेला हाय म्हणला ना."

रिक्षा थांबली, सिग्नल होता.

"घरी नेल्यावर कौसल्यानं बघितलं. रडली नाय. म्हणली, आजपासून जे धरायचं ते मी धरते."

सिग्नल सुटला आणि त्यांनी डावा हात परत खिशात घातला.

त्यानंतर आठवडाभर त्यांनी बंदुकीचं नाव काढलं नाही. मावशींनी मात्र सोडलं नाही. मी गेले की माझ्या मोबाइलवर त्या यंत्रांचे व्हिडिओ लावायला सांगायच्या आणि मोबाइल मामांच्या दिशेनं धरायला लावायच्या. एका व्हिडिओत एक माणूस दोन यंत्रांतला फरक दाखवत होता. एका यंत्राचा घोडा आधीच दाबून ठेवला आणि मग नाक कुठंही टेकलं, तरी खिळा सुटतो. दुसऱ्यात तसं होत नाही. आधी नाक टेकवायचं, मग घोडा दाबायचा. प्रत्येक खिळ्याला घोडा सोडून पुन्हा दाबायचा. हे यंत्र सावकाश चालतं, मोठ्या कामाला परवडत नाही, घरातल्या किरकोळ दुरुस्तीला ठीक, असं तो माणूस सांगत होता.

मामा टॉवेल हलवायचे थांबले. "ते दुसरं," ते म्हणाले.

या वेळी आम्ही गारखेड्याकडच्या एका नव्या दुकानात गेलो. दुकानदार वयस्क होता, बोलायला शांत. मामांनी डावा हात खिशात घातला नाही. दुकानदारानं एकदा हाताकडं बघितलं आणि काही न विचारता सगळ्यात हलकं बॅटरीचं यंत्र काढलं. मामांनी आधी घोडा दाबून धरला आणि मग नाक फळीवर दाबलं. काही झालं नाही. घोडा सोडला, नाक टेकवलं, घोडा दाबला. ठप्प. फळीत बारीक खिळा बसला होता. डोकं दिसतही नव्हतं. मामांनी त्यावरून अंगठा फिरवला.

दुकानदार सांगत होता, "यानं जाळीच्या पट्ट्या, फोटोची फ्रेम, ड्रॉवरचा तळ, प्लायची पाठ, असली कामं करा. सिमेंटच्या भिंतीत मारू नका, खिळा उलटून अंगावर येईल. डोळ्याला चष्मा लावा. आणि खिळे बदलताना आधी बॅटरी काढा, विसरू नका."

मामा मान हलवत होते. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "शिडीची पायरी बसंल का यानं?"

"शिडी? नाही हो. हे खिळे बारीक."

"मोठ्या खिळ्यानं? हातोडीनं?"

"शिडीला खिळा चालत नाही, मामा. तिच्यावर माणूस चढतो. लाकूड वाळलं की खिळा सैल होतो. तिला बोल्ट लागतो आरपार, नाहीतर खाच पाडून बसवावी लागते." तो सहज बोलून गेला आणि खोकं बांधायला वळला.

मामा त्या फळीकडं बघत होते.  दुकानदारानं पिशवी पुढं केली ती त्यांना दिसली नाही. मी घेतली.

त्या संध्याकाळी त्यांच्या खिडकीवर पहिला ठप्प असा आवाज झाला. मामांनी सुनीताच्या नवऱ्याचा मोटरसायकलचा चष्मा लावला होता. उजव्या हातात यंत्र, आणि पट्टी जागेवर दाबायला डावा हात सपाट टेकलेला, खिळ्यापासून चांगला लांब. आधी टेकवायचं, थांबायचं, मग दाबायचं. प्रत्येक खिळ्याच्या आधी त्यांचे ओठ हलत होते. आवाज बाहेर येत नव्हता, पण मला कळलं ते काय विचारत होते.

पलंगावरून मावशी म्हणाल्या, "धरला."

मामांचा हात थांबला. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. मग घोडा दाबला.

त्यानंतरचे काही आठवडे त्या घरात बरे गेले असं मी म्हणेन. खिडकीला जाळी बसली, दाराला बसली. मावशींच्या उशाला टेकायला तिरकी फळी झाली, त्यामुळे त्यांना रस्ता दिसायला लागला. त्या पडल्यापडल्या कामं काढायच्या आणि मामा करायचे. शिडीला मात्र त्यांनी हात लावला नाही. ती भिंतीला टेकून तशीच उभी होती, मध्ये एक पायरी नसलेली. टाकीवर आता टँकरवाल्याचा माणूस जायचा, मागच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून.

एकदा मी मावशींजवळ बसले होते, मामा बाहेर ड्रम घासत होते. मावशी मला म्हणाल्या, आवाज मुद्दाम बाहेर जाईल एवढा मोठा करून, "पायरी सुटली नव्हती वं बाई. माझाच पाय सटकला. टँकरच्या पाण्यानं तळवे ओले व्हते. पायरी मागून पडली, मी तिला धराया गेले म्हून."

बाहेर ड्रम घासायचा आवाज बंद झाला. जरा वेळानं मामा दारात आले. हातात ओली चिंधी होती.

"व्हय," ते म्हणाले. "तसंच झालं आसंल."

मावशींनी मान हलवली आणि डोळे मिटले. ती पायरी मी बघितली होती, मामांनीही बघितली होती. पुन्हा तो विषय त्या घरात निघाला नाही.

डासांनी मावशींना काही केलं नाही. पावसाळा जवळजवळ कोरडाच गेला आणि थंडीच्या सुरुवातीला त्यांच्या छातीत कफ भरला. पडून पडून असं होतं, डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात न्यायचं ठरलं त्याच सकाळी त्या गेल्या. मी पोचले तेव्हा मामा त्यांचं तोंड पुसत होते. मला म्हणाले, "बाई, जरा हिची वेणी घालता का नीट? माझ्यानं सरळ व्हत न्हाय." मी घातली. तेवढा वेळ ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

पुढं बौद्ध पद्धतीनं जलदान विधी झाला. अंगणात सतरंजी, पांढऱ्या कपड्यातले नातेवाईक. पाणी टँकरचंच. विधी सांगणारे आचार्य म्हणाले, तांब्यातलं पाणी वाटीत हळूहळू ओता, वाटी भरून खालच्या ताटात सांडेपर्यंत. मामा ओतू लागले. पाणी वाटीच्या काठाशी आलं आणि त्यांनी तांब्या सरळ केला.

"अजून, बाबा," आचार्य म्हणाले. "सांडू द्या."

"तिला सांडलेलं आवडायचं नाय," मामा म्हणाले.

 आचार्यांनी तसंच पुढचं म्हणायला सुरुवात केली. वाटी काठोकाठ भरलेली होती आणि विधी संपेपर्यंत मामांची नजर तिच्यावर होती, कुणाचा धक्का लागू नये म्हणून.

सुनीता त्यांना फुलंब्रीला घेऊन गेली. घर भाड्यानं दिलं. जीपच्या टपावर ट्रंक आणि गादी बांधली. यंत्राचा डबा मामांनी मांडीवर घेतला. निरोप घेताना मला म्हणाले, "बाई, ती शिडी कुणाला देऊ नका. जाळून टाका." मी ती जाळली. दोन सकाळी अंघोळीचा बंब तिच्यावरच पेटला.

त्यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं. मी सिल्लोडहून लग्न आटपून एसटीनं परत येत होते. दुपारचं रखरखीत ऊन, दुष्काळ सरला नव्हता. फुलंब्रीला गाडी थांबली तर शेडखाली मामा उभे. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. खूप वाळले होते. मी खिडकीतून हाक मारली. ते ओळख पटल्यावर हळूहळू खिडकीखाली आले.

"कुठं निघालात मामा? चला की याच गाडीनं."

"तिकडनंच आलो, बाई, आत्ता. पेन्शनच्या हापिसात गेलतो. हयातीचा दाखला लागतो ना दर साली. जिवंत हाय म्हून."

"मग झालं काम?"

"न्हाय. मशीनवर अंगठा ठेवायचा आसतो. माझा उमटत न्हाय. प्रेसवर पत्रा घासून घासून रेघाच गेल्या म्हणत्यात. ह्या येळंला तिसऱ्यांदा गेलो." ते उजव्या हाताकडं बघत होते. "साहेब चांगला हाय. म्हणला, बाबा, मला दिसतंय तुम्ही हायसा, पण मशीन न्हाय म्हणती."

"मग आता?"

"परत बोलावलंय. तेल लावून या म्हणला, हात मऊ करून. सोमवारी जाईन." ते जरासे हसले. "कौसल्या न्हाय, घरी जाऊन तरी कुणाला सांगायचंय."

कंडक्टरनं घंटी दिली. मी सुनीताची चौकशी केली, ती त्यांना ऐकू गेली की नाही कोण जाणे. गाडी हलली. मागं वळून बघितलं तर मामा पुन्हा शेडच्या सावलीत जाऊन उभे राहिले होते आणि खिशातून रुमाल काढून अंगठा पुसत होते. नीट, सावकाश, परत परत.